पळता ठेका

ऑक्टोबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या रविवारी नादिया बहिणीच्या घरी आली ती एका हातात होलुप्त्सीचं, भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांचं, पातेलं आणि दुसऱ्या काखेत रेकॉर्ड घेऊन. चर्चमधून ती थेट आली होती, डोक्याचा रुमालसुद्धा अजून सोडला नव्हता.

"ताई, ही आज जेवताना लावायची," ती म्हणाली.

स्टेफा ओव्हनमधल्या टर्कीवर चमच्याने रस सोडत होती. "अगं, ज्यांनी ती रेकॉर्ड काढली तीच पोरं जेवायला बसणार आहेत. त्यांनाच काय ऐकवतेस?"

"पोरांना नाही, वासिलला ऐकवायची आहे. घरी लावली की हा गाई बघायला निघून जातो. इथे कुठे जाईल?"

स्टेफाला हसू फुटलं. हीच का ती नादिया? चार वर्षांपूर्वी स्टेफाचा रोमान, त्याची बहीण लेस्या आणि नादियाचा ओरेस्ट, तिघांनी धान्याच्या कोठारावर काम करणाऱ्या गॉर्डीला हाताशी धरून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये कल्ला सुरू केला, तेव्हा हीच नादिया पाद्र्याकडे रडत गेली होती. पोरांनी बँडचं नाव 'स्टबल' ठेवलं, तेव्हा तर ती आठवडाभर बहिणीशी बोलली नव्हती. "धसकटं! कापणी झाल्यावर शेतात उरतं ते! बरं नाव नाही सापडलं मेल्यांना?"

धसकटं मात्र तरारली. आधी शाळांचे नाच, मग बर्फावरच्या हॉकीचे हॉल, मग ब्रँडन शहरातले बिअर पार्लर. पाव वाटायची एक जुनी गाडी घेऊन, हीटर बंद, पायांवर घोंगड्या, अशी ती पोरं रेजायनापासून थंडर बेपर्यंत हिंडली. सरकारने नियम केल्यापासून रेडिओवाल्यांना आपल्या देशातली गाणी वाजवावीच लागत. त्यातून विनिपेगच्या एका माणसाने त्यांचं 'गव्हाची गाडी' लावलं, आणि लोकांनी ते पुन्हा पुन्हा मागितलं. उन्हाळ्यात ते टोरांटोत वाजू लागलं, ऑगस्टमध्ये सीमेपलीकडे अमेरिकेत. आता नोव्हेंबरमध्ये एका बड्या अमेरिकन बँडच्या आधी वाजवायचं आमंत्रण होतं, सुरुवात मिनियापोलिसला. चर्चच्या तळघरात बायका पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायला बसल्या की नादिया रेकॉर्ड घेऊन हजर.

"रोमान कुठे आहे?" नादियाने विचारलं.

"बाहेर, गाडीत बसलाय." स्टेफाचं हसू मावळलं. काल टोरांटोहून आल्यापासून पोरगा धड जेवला नव्हता. विचारलं तर म्हणे, दमलोय. चोवीस वर्षं ती या मुलाची आई होती. दमल्यावर तो झोपतो, गाडीत बसून काचेकडे बघत नाही.

*

रोमानला आत जायचंच नव्हतं. आत गेलं की सांगावं लागणार होतं, आणि एक गोष्ट सांगायची म्हणजे आधी दुसरी सांगणं भाग होतं.

लेस्या कोट खांद्यावर टाकून आली आणि शेजारच्या सीटवर बसली. "अजून नाही सांगितलंस?"

"कधी सांगू? टर्की कापायच्या आधी की नंतर?"

"मे महिन्यातच सांगायला हवं होतं."

"तूही होतीस तिथे."

"होते ना. म्हणून तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

मग आईने दारातून हाक मारली आणि उठावं लागलं.

टेबल भरलेलं होतं. टर्की, नादियाच्या कोबीच्या गुंडाळ्या, बटाट्याच्या पिरोगी, बीटाचं सार. नेस्टर दूदार, म्हणजे रोमानचा बाप, टेबलाच्या टोकाला. त्याच्या शेजारी त्याचा साडू, नादियाचा नवरा वासिल, उन्हाने रापलेली मान, मोजकं बोलणं. समोर ओरेस्ट. तो आठ दिवसांपासून बापाबरोबर शेतात होता, कापणी शुक्रवारी संपली होती. नखांत अजून काळं ग्रीस होतं. त्याने रोमानकडे बघून भुवया उडवल्या, लहानपणापासून उडवायचा तशाच. रोमानने मान खाली घातली.

प्रार्थना झाली, ताटं भरली, आणि नादियाने रेकॉर्डवर सुई टेकवली.

"आता ऐक हं वासिल. उठायचं नाही. हे लेस्याचं... हं, आता! हा माझा ओरेस्ट! बघ कसा घड्याळासारखा वाजवतोय. टिक टिक टिक टिक, एक ठोका इकडचा तिकडे नाही."

नेस्टर चावता चावता थांबला. तो तीस वर्षं लग्नांत सिंबाली वाजवत आला होता, दोन काड्यांनी तारांवर. त्याच्या बँडला बोलावल्याशिवाय वेसेल्का गावात बोहल्यावर कोणी चढत नसे. तो सहज म्हणाला, "घड्याळासारखा? ओरेस्ट कधीपासून घड्याळासारखा वाजवायला लागला?"

"म्हणजे?"

"छान आहे, वाईट नाही म्हणत मी. पण हा आपला पोरगा नव्हे. ओरेस्टने इथवर चार वेळा तरी दौड मारली असती."

"भाऊजी, थट्टा पुरे."

नेस्टरने आधी नादियाकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही मुलांकडे. लेस्याने काटा खाली ठेवला. तेव्हा त्याला कळलं की आपण थट्टा केलेली नाही.

गाणं वाजतच होतं. शेवटी रोमानच उठला आणि त्याने सुई उचलली.

"मावशी, मेमध्ये पेरणीसाठी ओरेस्ट घरी आला, त्या आठवड्यात पेनरोझने सगळे ड्रम दुसऱ्याकडून वाजवून घेतले. पेनरोझ म्हणजे रेकॉर्ड करणारा, कंपनीचा माणूस. त्याचं म्हणणं, ओरेस्ट पळतो, ठेका पुढे पुढे नेतो. लेन फॅरो नावाचा माणूस आहे, टोरांटोचा. रेकॉर्डवर तो आहे."

नादियाने मुलाकडे पाहिलं. ओरेस्ट पिरोगीवर कांदा पसरत होता, फार नीट, जणू तेच मोठं काम होतं.

"तू ऐकतोयस ना, हा काय म्हणतोय?"

"मला माहीत आहे, आई."

"कोणी सांगितलं?" रोमानच्या तोंडून निघून गेलं.

"सांगायला कशाला पाहिजे? जूनमध्ये ट्रॅक्टरवर होतो, रेडिओवर गाणं लागलं. आपला हात आपल्याला ओळखू येत नाही होय?" ओरेस्ट थोडा हसला. "ट्रॅक्टर थांबवला, पूर्ण ऐकलं. चांगला वाजवतो तो."

"मग बोलला का नाहीस?" नादियाचा आवाज चिरकला.

"तू सगळ्या गावाला सांगत फिरत होतीस."

नादियाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्या रेकॉर्डवरून किती जणींना तिने गप्प केलं होतं, ते तिलाच ठाऊक.

रोमानला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही सांगता येणार. "अजून एक आहे. मिनियापोलिसलाही लेनच वाजवणार, पुढे सगळ्या दौऱ्यात तोच. कंपनीने ठरवलंय. मी कालच..."

"तू हो म्हणालास?" लेस्या ताडकन उभी राहिली. "मला म्हणालास विचार करायला वेळ मागितलाय!"

"वेळ देतो कोण? नाही म्हटलं तर दौराच जातो, लेस्या! चौघांचाही! चार वर्षं घोंगड्या पांघरून हिंडलो ते कशासाठी?"

"चौघांनी पांघरल्या ना? मग तिघांनीच कशाला जायचं?"

"रोमान," स्टेफा म्हणाली. ती आवाज चढवत नसे, म्हणून तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या बहिणीच्या पोराला तू पाच महिने तोंडावर हसून फसवलंस. मला तुझी लाज वाटते."

"ताई, तू काही बोलू नकोस," नादिया रुमाल बांधायला लागली. "माझा ओरेस्ट कुठेही जाणार नाही. मिनियापोलिस नाही आणि नरकातही नाही. त्याला शेत आहे, घर आहे. तुमची धसकटं तुम्हालाच लखलाभ. चल ओरेस्ट."

"तो जाईल," वासिल म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. चार वर्षांत या माणसाने बँडबद्दल एकच वाक्य उच्चारलं होतं, आणि ते पाद्र्यासमोर बोलण्याजोगं नव्हतं.

"काय म्हणालास?" नादियाने विचारलं.

"तो जाईल म्हणालो." वासिलने ताट बाजूला सारलं. "ओरेस्टने शेती करावी असं मला वाटतं, आजही वाटतं. पण दुसरीकडून हाकलला म्हणून आलेला माणूस शेतीत टिकत नाही. मी तेवीस वर्षांचा होतो, रेल्वेत लागलो होतो. बापाने येऊन परत आणला. अजूनही गाडी गेली की माझी मान वर होते. विचार हिला." त्याने बायकोकडे बोट केलं. "माझ्याकडे यायचं तर त्याने आपल्या पायांनी यावं. ढकलून दिलेला नको मला."

नादिया रुमालाची गाठ अर्धवट धरून तशीच उभी राहिली. एवढं लांब भाषण तिने नवऱ्याच्या तोंडून लग्नातही ऐकलं नव्हतं.

"आणि ओरेस्टला कोणी विचारलंय का?" स्टेफा म्हणाली.

ओरेस्टने कांद्याचा चमचा खाली ठेवला. "मला जायचंय," तो म्हणाला. "पण पेनरोझ खोटं बोलत नाही. मी पळतो. ठरवून बसतो की धरून ठेवायचं, आणि लेस्याने वरचा सूर लावला की हात ऐकत नाहीत."

*

नेस्टरला त्या दिवशीचं टर्कीचं जेवण नंतर कधी आठवलं नाही. आठवली ती ओरेस्टची मान खाली घालून बसण्याची तऱ्हा. हा पोरगा त्याने घडवला होता. अकरा वर्षांचा असताना ओरेस्ट लग्नांत त्याच्या मागे ड्रमवर बसू लागला, आणि नेस्टरने त्याला पहिला धडा दिला तो हाच: काठ्यांकडे बघू नकोस, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघ. ते दमले की तू दम. ते पेटले की तू पेट. म्हातारे बसले आणि तरुण उरले की सोड घोडा.

टोरांटोच्या त्या रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत नाचणारे पाय कुणाचे होते?

"दोष माझा आहे," तो म्हणाला. "मी शिकवलंय याला पळायला."

"दोष कसला, बाबा?" लेस्या म्हणाली. "रेजायनाला काय झालं ते मी सांगते. शेवटच्या कडव्यात हा पळाला, मी त्याच्या मागे पळाले, रोमानही पळाला. तुला आठवतंय, रोमान, लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते! गॉर्डीच्या गिटारचा पट्टा तुटला तरी तो थांबला नाही. रेकॉर्डवर ते नाहीच. घरी बसून ऐकता येतं तेच ऐकायला माणूस तिकीट का काढेल?"

"हे पेनरोझला कोण सांगणार?" रोमान म्हणाला. आवाजातली धार गेली होती.

"तू सांगणार. आत्ता."

"आज सुट्टी आहे."

"म्हणजे घरीच असेल."

फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. वेसेल्काच्या आठ घरांची ती एकच लाइन. रोमानने टोरांटो मागितलं, तेव्हा वाटेत कुठेतरी दोनतीन वेळा खट्ट झालं. शेजारी ऐकतायत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला इलाज नव्हता.

"मिस्टर पेनरोझ, मी रोमान दूदार. तुम्हाला जेवणातून उठवलं, माफ करा. लेनबद्दल मी काल हो म्हणालो. आज नाही म्हणतो." तो ऐकत राहिला. कान लाल होत गेले. "हो, समजतंय मला. पण आम्ही चौघं मिळून हा बँड आहोत... नाही, धमकी नाही देत... तुम्ही एकदा स्टेजवर ऐकलंत का त्याला? नाही ना?"

एवढ्यात लाइनवर एक बाईचा आवाज आला. "त्याला सांग रोमान, आमच्या मेरीच्या लग्नात ओरेस्टने वाजवलं तेव्हा गुडघे दुखणारे माझे सासरे नाचले होते!"

"पालूककाकू, फोन ठेवा!"

"ठेवते रे बाबा. पण नाचले होते."

तिकडे पेनरोझ कोण बोललं म्हणून विचारत होता. रोमानने घाम पुसला. "शेजारी आहेत सर. आमच्याकडे फोन असाच असतो."

पलीकडे त्या माणसाला हसू आलं असावं, कारण रोमानचे खांदे जरा सैल झाले. फोन ठेवून तो वळला.

"मिनियापोलिसची एक रात्र ओरेस्टची. लेन तिथे हजर राहील, काठ्या घेऊन, स्टेजच्या बाजूला. गाणं ढासळलं तर दुसऱ्या दिवसापासून ड्रमवर तो बसणार." मग तो ओरेस्टसमोर जाऊन उभा राहिला. "मी तुला मे महिन्यातच..."

"राहू दे," ओरेस्ट म्हणाला. "खा आधी, भुतासारखा दिसतोयस."

नादिया मात्र जेवली नाही. ती निघून गेली, आणि जाताना रेकॉर्ड तिथेच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये काम सुरू झालं. नेस्टर उलट्या बादलीवर सिंबाली मांडून ओरेस्टसमोर बसे. पोरगा पळायला लागला की तो काडी वर धरी. "अजून नाही. नवरी अजून दारातच आहे... अजून नाही... म्हातारे बसायचेत..." ओरेस्टचे दात आवळले जात, कपाळावरून घाम ओघळे, थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघे. शेवटचं कडवं आलं की नेस्टर काडी खाली आणी. "आता सोड!" आठ दिवस ओरेस्ट काडी खाली यायच्या आधीच सुटत होता. नवव्या दिवशी तो थांबला. गॉर्डी म्हणाला, "देवा, हे तर आणखी भयंकर आहे. आता कधी सुटेल, त्याचीच वाट बघत राहतो माणूस." रोमान खूप दिवसांनी मोकळा हसला.

*

नादिया येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी वासिलने शेजाऱ्याला गाईंचं सांगितलं, ट्रकचं तेल बदललं आणि बायकोची वाट बघितली. सकाळी उठून पाहतो तो बायको मोठ्या पातेल्याला टॉवेल गुंडाळत होती.

"मी बँडसाठी नाही येत," ती म्हणाली. "पोरं वाटेल ते खातात म्हणून येतेय."

सीमेवरच्या अधिकाऱ्याने पातेल्यात काय आहे म्हणून विचारलं. नादियाने झाकण उघडून दाखवलं, आणि त्याने लगेच जाऊ दिलं.

मिनियापोलिसचा तो हॉल वासिलला आपल्या गावापेक्षा मोठा वाटला. लेस्याने दोघांना स्टेजच्या बाजूला, पडद्याआड उभं केलं. तिथे आणखी एक माणूस उभा होता. चाळिशीचा, केस विरळ झालेले, काखेत काठ्यांची पिशवी. नादियाला कोणी सांगायची गरज पडली नाही. ती त्याच्यापासून दोन पावलं दूर सरकली आणि पातेलं घट्ट धरून उभी राहिली.

पहिली दोन गाणी लोकांनी गप्पा मारत ऐकली. ती मोठ्या बँडसाठी आलेली माणसं होती. मग 'गव्हाची गाडी' सुरू झालं, रेडिओवरचं गाणं म्हणून माना वळल्या. नादियाला ड्रममधलं काही कळत नव्हतं. तिला फक्त मुलाचा जबडा दिसत होता, आवळलेला. लेस्याने वरचा सूर लावला. ओरेस्टचे खांदे उचलले गेले, पण हात जागचे हलले नाहीत. वासिलने श्वास रोखला होता. बाजूचा तो माणूस हळूच म्हणाला, "धर... धर पोरा..."

शेवटचं कडवं आलं, आणि ओरेस्टने सोडलं.

हॉलमध्ये काय झालं ते नादियाला नीट सांगता आलं नाही, नंतर कधीही. आधी पुढच्या रांगा उठल्या, मग मागच्या. लेस्या गात होती की हसत होती कळत नव्हतं, रोमान ओरेस्टकडे तोंड करून उभा होता आणि दोघं शेडमधल्या पोरांसारखे एकमेकांवर ओरडत होते. मोठ्या बँडचे सामान हलवणारे लोक हातातल्या पेट्या तशाच ठेवून बघत राहिले. वासिल टाळ्या वाजवायला लागला, बैल हाकल्यासारख्या.

गाणं संपलं तेव्हा तो काठ्यांवाला माणूस पिशवीची चेन लावत होता.

"तुम्ही त्याची आई का?" त्याने विचारलं. "मी लेन."

"माहीत आहे."

"मला तुम्हाला एक सांगायचं होतं, मिसेस कुझिक. रेकॉर्डवर हात माझे आहेत. ठेका त्याचाच आहे. त्याने वाजवलेलं मला दोन दिवस ऐकवलं पेनरोझने. मी फक्त ते एका जागी उभं केलं. हे आत्ता केलं ना त्याने, ते मला जमलं नसतं." त्याने पिशवी खांद्याला लावली. "शेकडो रेकॉर्डवर वाजवलंय मी. कशावर माझं नाव नसतं. ऐकायला कोणाची आई येत नाही. बरं, मी निघतो. विमान पकडायचंय."

नादिया त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा कोट कोपरावर झिजला होता, चेहरा उपाशी माणसाचा होता.

"थांबा," ती म्हणाली. तिने टॉवेल सोडला, झाकण उघडलं. वाफ कधीच गेली होती, पण कोबीचा आणि शेपूचा वास पडद्याआड पसरला. "वासिल, बशी दे. हे धरा. उभ्याने नाही, त्या पेटीवर बसा. विमान थांबेल."

लेन बसला. तिने त्याला तीन गुंडाळ्या वाढल्या, मग चेहरा बघून चौथी वाढली, आणि पोरं घामाने निथळत पडद्याआड आली तेव्हा त्यांना म्हणाली, "हळू या रे, माणूस जेवतोय."